स्नायू की पिशवी

लातूरच्या माणसाला हृदयाचे दोनच आजार ठाऊक असतात. एक अटॅक, दुसरं टेन्शन. तिसरा काही प्रकार असू शकतो हे इथं कुणाला पटत नाही. माझ्या नवऱ्याला जे झालं ते या दोन्हींत बसणारं नव्हतं, म्हणून पहिलं वर्षभर ते हृदयाचं आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांनी मिळून ते दारूचं ठरवलं.

यांचं धान्याच्या मोंढ्यात बारदान्याचं दुकान आहे. रिकामी पोती, सुतळी, ताडपत्री. आम्ही लिंगायत, आणि आमच्या घरात सासूबाईंचा धाक असा की दारू सोडा, कांदासुद्धा सोमवारी उंबरा ओलांडत नाही. या माणसानं आयुष्यात चहाखेरीज काही चढवलं नाही. पण पोट वाढायला लागलं. हात काड्यांसारखे, गाल आत गेलेले आणि पोट मात्र पुढे. नंतर पाय सुजले. संध्याकाळी मोजे काढले की रबराचे वळ बोटभर खोल दिसायचे. दुकानाच्या दोन पायऱ्या चढल्या की हे पोत्यांच्या थप्पीला टेकून उभे राहायचे.

पोटात पाणी झालंय म्हटल्यावर लोकांना पुढचं विचारायची गरज वाटत नाही. यांचे एक चुलत भाऊ मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले की वहिनी, लपवू नका, सोडवायचं औषध मिळतं, चहातून द्यायचं, वासही येत नाही. मी म्हटलं, पीत नाहीत ते. त्यावर त्यांनी माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं की हातातली पळी त्यांच्या डोक्यात घालावी असं वाटलं. आमचे घरचे डॉक्टरही त्याच शाळेतले. लिव्हर सुजलंय म्हणाले आणि यांना खाजगीत विचारलं, रोज किती? हे भिडस्त. नाही म्हणाले, तेही अशा पडेल आवाजात की डॉक्टरांची खात्रीच पटली. सुई घालून पोटातलं पाणी काढलं. महिन्याभरात पुन्हा भरलं.

शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून लातूरच्याच एका हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे बसायला मोठा हॉल, भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीवर दिवसभर कोचिंग क्लासच्या जाहिराती, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला नाही, मानेकडे पाहिलं नाही, छातीवर जेल लावून इको केला आणि स्क्रीनकडे बघतच निकाल सांगितला. हृदयाचा स्नायू कडक झालाय. आकसतो बरोबर, पण सैल पडत नाही. सैल पडत नाही म्हणून आत रक्त मावत नाही, मागे तुंबतं, आणि तेच पाणी होऊन पोटात आणि पायात उतरतं. याला हार्ट फेल्युअर म्हणतात. उपाय नाही. मीठ बंद करा, लघवीच्या गोळ्या घ्या.

फेल हा शब्द ऐकून सासूबाई तिथंच चिडल्या. आमच्या पोराला फेल म्हणणारे तुम्ही कोण, असा एकूण सूर. घरी आल्यावर त्यांनी हुकूम काढला की कुणी विचारलं तर बारीक अटॅक येऊन गेला असं सांगायचं. अटॅक हा व्यापाऱ्याला शोभणारा आजार. कष्ट केले, जबाबदाऱ्या उचलल्या, म्हणून आला, असं त्यात आपोआप येतं. मग घरोघर अटॅक झाला. लोक लसूण, अर्जुनाची साल आणि कुठल्या कुठल्या काढ्यांच्या बाटल्या घेऊन यायला लागले. मी नांदेडच्या कॉलेजातली बी.एस्सी. आहे, एवढं मला कळत होतं की अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबते आणि इथं कुठलीच नळी तुंबलेली नाही. हे मी एकदोघांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना म्हणाले, अटॅकच्या माणसाला जपायला पाहिजे.

डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं की याशिवाय दुसरं काही असू शकतं का. ते हसले आणि म्हणाले, मॅडम, मोबाइलवर वाचून आलात का? मी वाचूनच आले होते. पण त्या हसण्यानंतर मला पुढचं बोलता आलं नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे.

आता एक्स-रेचं सांगते. यांच्या गळ्यात इष्टलिंग आहे, चांदीच्या डबीत, जाड दोऱ्याला. डबी अंड्याएवढी, आजेसासऱ्यांच्या वेळची, चांगली वजनदार, आणि बरोबर छातीच्या मधोमध येते. लिंग अंगावेगळं करायचं नाही हा आमच्यातला नेम. लातुरात हे सगळ्यांना माहीत. एक्स-रे काढणाऱ्याकडे रोज असे चार गळे येतात, त्यामुळे तो काढा म्हणतही नाही. डबीसकट फोटो काढतो, फोटोत मधोमध पांढरं अंडं येतं, आणि रिपोर्ट लिहिणारा लिहितो की गळ्यातील वस्तूची सावली, बाकी ठीक. दोन वर्षांत असे कितीतरी फोटो झाले. प्रत्येकात ते अंडं. त्याच्यामागे काय आहे हे एकाही शहाण्याला बघावंसं वाटलं नाही. मोठं स्कॅन करायला गेलो तेव्हा मात्र तिथल्या माणसानं धातू चालणार नाही म्हणून डबी काढायला सांगितली. हे टेबलावरून उठले, शर्टाची बटणं लावली आणि बाहेर आले. लातूरच्या डॉक्टरांनी खांदे उडवले. नाहीतरी त्यांचा निकाल ठरलेलाच होता.

माझं माहेर नांदेडचं. भाऊ हट्टाला पेटला म्हणून गाडी करून आम्ही नांदेडला निघालो. सासूबाई बरोबर आल्याच. वाटेतल्या लोह्यापर्यंत त्या एकच गोष्ट सांगत होत्या, की लातूरला नाही जमलं ते नांदेडला काय जमणार. मला त्यांचं म्हणणं खोडायचा कंटाळा आला होता आणि हे मागच्या सीटवर पोटावर हात ठेवून डोळे मिटून होते.

नांदेडचे डॉक्टरही काही देवमाणूस नव्हते. आम्ही समोर बसलेले असताना ते फोनवर कुणाशी तरी प्लॉटच्या रस्त्यावरून भांडत होते, तोंडात वेलदोडा, आणि एका हातानं यांचे फोटो उलटेपालटे करत होते. पण फोन ठेवल्यावर त्यांनी एक गोष्ट केली जी लातुरात कुणी केली नव्हती. यांना अर्धवट बसवलं, मान थोडी वळवायला लावली आणि म्हणाले, सावकाश श्वास आत घ्या. मी बघत होते. मानेवरची शीर श्वासाबरोबर खाली जायच्या ऐवजी वर फुगली. डॉक्टरांनी पुन्हा करायला लावलं, पुन्हा फुगली. मग ते पहिल्यांदा नीट आमच्याकडे तोंड करून बसले.

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. दोन आजार आहेत, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. दोन्हींत हृदय सैल पडत नाही, दोन्हींत रक्त मागे तुंबतं, पोट तसंच, पाय तसेच, मानेची ही शीरसुद्धा दोन्हींत फुगू शकते, इकोलाही चकवा बसतो. एकात स्नायूच कडक होतो. दुसऱ्यात स्नायू ठणठणीत असतो, पण हृदयाभोवती जी पातळ पिशवी असते ती जाड होऊन हृदयाला आवळते. हे बारदान्यातले, त्यांना लगेच समजलं. पोतं आखूड आणि माल जास्त, असं ते पुटपुटले. डॉक्टर म्हणाले, बरोबर. मग यांच्याकडे रोखून बघत त्यांनी विचारलं की पूर्वी कधी टीबी झाला होता का?

"न्हाई, न्हाई," सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आमच्यात कुणालाच न्हाई."

"मी त्यांना विचारतोय," डॉक्टर म्हणाले. "नीट आठवून सांगा. टीबी होऊन गेला असेल तर ही पिशवी असू शकते, आणि पिशवी असली तर ती काढता येते, माणूस उठून कामाला लागतो. स्नायू असला तर माझ्याकडं काही न्हाई. वर्ष, दोन वर्षं, बस."

यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

डॉक्टरांनी उसासा टाकून फोटो उजेडाच्या पाटीवर लावले. सगळ्यात अंडं. मला याच्यामागचं बघायचंय, हे काढून समोरून एक आणि कुशीवरून एक फोटो काढून आणा, असं ते म्हणाले. इतका वेळ मुकाट बसलेला माझा नवरा उठून उभा राहिला. सासूबाईंनी हात जोडले, पण आवाज जोडलेल्या हातांचा नव्हता. जीव गेला तरी अंगावेगळं होणार नाही, आमच्या सात पिढ्यांत झालं नाही, असं त्यांनी सुनावलं. डॉक्टरही तापले. तुमचा जीव, तुमचा धर्म, मी पेशंटनं नकार दिला असं लिहून मोकळा होतो, असं म्हणून त्यांनी पेन उचललं. एक बाजू धर्म वाचवायला निघालेली, दुसरी बाजू स्वतःची कातडी. ज्याचं पोट फुटायला आलंय तो माणूस दोघांच्या मध्ये उभा.

माझं डोकं फिरलं. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी या माणसाची पूजा बघत आले आहे. हे डबी उघडतात, आतलं दगडी लिंग बाहेर काढतात, डाव्या तळहातावर घेतात, आणि डबी तेवढा वेळ पाटाशेजारी विभूतीच्या ताटलीत पडलेली असते. नेम लिंगाचा आहे, चांदीचा नाही. आणि तळहात काही शेजाऱ्याचा नसतो. एवढी साधी गोष्ट सासूबाईंना सुचली नाही, यांना सुचली नाही, लातूरच्या त्या सगळ्या डिग्रीवाल्यांना तर नाहीच, कारण काढा आणि काढणार नाही या दोन शब्दांपलीकडे त्यांच्यातल्या कुणी दोन वर्षांत तोंड उघडलं नव्हतं.

"लिंग हातात धरा," मी यांना म्हटलं, "अन् हात वर करा. डबी माझ्याकडं द्या."

सासूबाई काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होत्या, शास्त्रात याच्या विरुद्ध काही आहे का ते. सापडलं नसावं. डॉक्टर म्हणाले, हात वर तर आम्हाला पाहिजेच असतात. मी लिंग स्वच्छ रुमालात गुंडाळून यांच्या मनगटाला बांधलं, वर मूठ आवळायला सांगितली. मोर्चात घोषणा द्यावी तसे हे त्या यंत्रासमोर उभे राहिले, आणि मला त्याही वेळी हसू आलं.

कुशीवरचा फोटो आला आणि मला वाचायला कुणाची गरज पडली नाही. आमच्याकडे बोअरच्या पाण्यानं हंड्याला आतून जो पांढरा थर चढतो ना, तसा थर हृदयाभोवती चढला होता. पुढून आणि खालून, कडेकडेनं, स्पष्ट. समोरच्या फोटोत त्यातलं जे थोडं दिसलं असतं ते आजपर्यंत डबीनं झाकलं होतं. मनगटाला लिंग बांधूनच मोठं स्कॅनही झालं, आणि त्यात पिशवी जाड झाल्याचं पक्कं ठरलं. स्नायू चांगला होता. इतके महिने आम्ही ज्या आजारासाठी मीठ सोडून मरणाची वाट बघत होतो तो आजार या माणसाला नव्हताच.

डॉक्टर म्हणाले, आपल्या भागात असा थर बहुतेक वेळा टीबीनंच येतो, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. हे जमिनीकडे बघत राहिले. सासूबाई पंख्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी नाद सोडला, हैदराबादच्या सर्जनसाठी चिठ्ठी लिहिली आणि पुढच्या पेशंटची बेल मारली.

बाहेरच्या बाकावर मी सासूबाईंना धरलं. यांना गाडीत बसवून आले आणि समोर उभी राहिले. हलू दिलं नाही. आधी त्या चिडल्या, मग रडल्या, मग बोलल्या. बारावीच्या वर्षी हे हॉस्टेलला असताना खोकला आणि ताप सुरू झाला होता. छातीत पाणी झालं होतं. गावात कळू नये म्हणून त्यांना मामाकडे हैदराबादला ठेवलं, तिथं सगळं औषध पूर्ण केलं आणि गावात सांगितलं की पोरगा पुढं शिकायला गेलाय. परत आल्यावर दुकानात बसवलं आणि स्थळं बघायला सुरुवात केली.

"डॉक्टर इचारत होता तवा का न्हाई सांगितलं, आत्याबाई?"

"तुझ्यासमोर कसं सांगू? तू सून हायस."

मुलगा मेला तरी चालेल, पण सुनेला कळायला नको. मी काय करणार होते? पोरं मोठी झाल्यावर, केस पांढरे झाल्यावर पिशवी उचलून माहेरी जाणार होते? त्या बाईंच्या हिशेबात मी अजून कांदेपोहे घेऊन बसलेलीच होते आणि स्थळ अजून हातातून जाऊ शकत होतं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हा जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. यांच्याबद्दल मात्र काही आलं नाही. मी धरून चालले की पोरसवदा वयात यांना खरं सांगितलंच नसणार, गोळ्या कसल्या ते आईलाच ठाऊक असणार. गाडीत बसल्यावर मी यांच्या पाठीमागे उशी सरकवली आणि खिडकीची काच वर केली.

ऑपरेशन हैदराबादला झालं. सर्जन मितभाषी होते, ते मला बरं वाटलं. पिशवी हृदयाला इतकी चिकटली होती की तुकड्या-तुकड्यांनी सोडवावी लागली, आणि आणखी उशीर झाला असता तर काढूनही उपयोग झाला नसता, असं ते म्हणाले. आवळून राहिलेल्या हृदयाला मोकळं व्हायची सवय व्हायला वेळ लागतो, घाई करू नका, असंही म्हणाले. वेळ लागला. पण पाणी उतरलं. यांच्या घोट्याचं हाड मी किती दिवसांनी पाहिलं, आणि सांगायला लाज वाटत नाही, मी त्यावर हात ठेवून रडले.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रांग लागली. बायपास झाली का, असं ते विचारत. सासूबाई झडप बदलली म्हणून सांगत, ते का सांगत हे आता मला कळत होतं. मी समोर असले की पिशवी, टीबी, सगळं सरळ सांगून टाकायची. ऐकणारा खुर्ची जराशी मागे घ्यायचा. इतक्या जुन्या, औषध पूर्ण झालेल्या टीबीला भिऊन खुर्ची मागे घेणारे हेच लोक घरी जाऊन खोकणाऱ्या पोराला कुणाला दाखवत नाहीत. सांगून सांगून माझा घसा दुखायचा.

पावसाळ्याआधीची एक दुपार. हे पलंगाच्या कडेला बसून पायाची नखं कापत होते. पोटामुळे दोन वर्षं त्यांचा हात पायापर्यंत पोचत नव्हता, मी कापून द्यायची. आता ते वाकून स्वतः कापत होते, सावकाश, एकेक बोट धरून. मी समोर तूर निवडत होते. मला खरंच बरं वाटत होतं, म्हणून सहज विचारलं.

"हैदराबादला तुम्हाला ठेवलं होतं तवा, गोळ्या कशाच्या ते सांगितलं होतं का?"

"हाव."

मी सूप खाली ठेवलं. मला वाटलं यांनी प्रश्न नीट ऐकला नाही.

"म्हणजे नांदेडला डॉक्टर इचारत होता, तवा ठाऊक होतं तुम्हाला?"

"हाव."

"तो म्हणला होता, टीबी असला तर वाचता."

"ऐकलं होतं मी."

"मग?"

त्यांनी करंगळीचं नख कापलं, चिमटीत धरून कागदावर ठेवलं.

"तू बाजूला बसली होतीस," ते म्हणाले.

लग्नाआधी कुणी मला हे सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तेही खरं आहे आणि मी ते लपवत नाही. पण त्यानंतर इतकी वर्षं मी या माणसाच्या ताटात वाढलं, त्याची पोरं काढली, त्याच्या सुजलेल्या पायाला तेल चोळलं, दारुड्याची बायको म्हणून लोकांची दया पचवली. त्या खोलीत त्याच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. एकीकडे मी विधवा होणार होते आणि दुसरीकडे मला एक जुनी गोष्ट कळणार होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं, ते मला आता आठवलं, आणि पाहून त्यानं मला विधवा करायचं ठरवलं होतं. तो फोटो नीट आला म्हणून तो आज नखं कापत बसला होता. एका घरात राहून त्यानं मला एवढंच ओळखलं होतं, की मला खरं कळण्यापेक्षा आपण मेलेलं बरं.